चौथ्या कोपऱ्यातला घास

९ फेब्रुवारी. सकाळपासून वाकळींचे कोपरे उसवते आहे. पुण्याची ऑर्डर उद्या जायची आहे आणि मी तयार माल उसवत बसले आहे. धंद्यात याहून मूर्खपणाचं काम नाही, आणि ते तू माझ्यावर आणलंस, शालन.

परवा तुझं तेरावं झालं. पंगतीतल्या बायका म्हणाल्या, "सवाष्ण गेली, भाग्याची गं." मी ताटावरून उठले. हात धुवत होते तर आपल्याकडे वाकळी शिवणारी सुरेखा मागून आली. म्हणाली, "काकी, बोलू द्या त्यास्नी. रीतच हाय तसं बोलायची."

रीत म्हणे. धडधाकट हातांची बाई अंथरुणात वाळून गेली, यात भाग्य कसलं? नवऱ्याआधी गेली म्हणून? मग तुझ्या मेजरला विचारा की. फौजेत इतकी वर्षं काढून पेन्शनीत आलेला तो माणूस पत्रावळीतला भात नुसता चिवडत बसला होता. जाताना त्याने माझ्या हातात एक पिशवी दिली. आत तुझी शेवटची वाकळ होती. "चौथा कोपरा ऱ्हायलाय तेवढा," म्हणाला, आणि गोठ्याकडे निघून गेला.

लोक म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, राग येतो. म्हणून काम करता करता लिहिते आहे. तुला ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक आहे. जिवंतपणी तरी तू कुठे ऐकत होतीस? "बरं" म्हणायचीस. मान खाली घालून दोरा ओवायचीस आणि म्हणायचीस, "बरं." तुझ्या त्या एका शब्दाने मला जेवढं फसवलं तेवढं कुठल्याही व्यापाऱ्याने फसवलेलं नाही.

आजवर माल तुम्हीच बायका बांधायचात, काल मी बांधायला घेतला. प्रत्येक वाकळीची घडी घालताना कोपरे चिमटीत धरून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा मऊ लागले. चौथ्यात मात्र काहीतरी जाड. दुसरी वाकळ घेतली, तिच्यातही तेच. तिसरी घेतली, तेच. तुझ्या हातच्या, सुरेखाच्या हातच्या, सगळ्याच. मी ढिगावरच बसकण मारली. म्हटलं, गेलीस आणि जाताना धंदा घेऊन गेलीस.

आता हे कोणी तिसऱ्याने वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, पुरी होत आली की तिच्या चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी ठिगळं बसवतात. चौथं ठिगळ शिवून टाकायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा सरकवायचा, ही तुझ्या माहेरची, म्हसवडकडची रीत. वाकळीला घास द्यायचा. तुझी आई म्हणायची, उपाशी वाकळ ऊब देत नाही. घरातल्या वाकळीला ठीक आहे. दर उन्हाळ्यात ती ओढ्यावर धुतली जाते, उन्हात पडते, घासाचं पीठ होऊन जातं. पण आपली वाकळ पुण्याच्या दुकानात जाते, तिथून कोणाच्या तरी बंद कपाटात जाते. मागच्या पावसाळ्यात अशाच एका कपाटात उंदीर शिरला. त्याने बाकी काही खाल्लं नाही, नेमका चौथा कोपरा खाल्ला.

दुकानाच्या मॅडमनी मला फोटो पाठवला. वर फोन केला. "ताई, हायजीनचा प्रश्न आहे. पुन्हा असं काही निघालं तर मी अख्खा लॉट परत पाठवीन."

मी तशीच तुझ्याकडे आले. तू सोप्यात पाय पसरून बसली होतीस, मांडीवर वाकळ. फोटो दाखवला. तू फोन लांब धरून नीट बघितलास आणि म्हणालीस, "टाकं किती सफाईनं तोडल्यात बघ. हुशार हाय उंदीर."

"शालन, मी चेष्टा करत नाही."

"मी तरी कुटं करतीया? त्येला बी घास मिळाला म्हन की."

"यापुढे घास घालायचा नाही. एकाही वाकळीत नाही. आठ घरांच्या चुली याच्यावर आहेत."

तू दोरा ओवलास. "बरं," म्हणालीस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आपली ओळखसुद्धा तुझ्या एका 'बरं'पासूनच झाली. माझ्या नवऱ्याचं गलाईचं दुकान केरळात होतं. सोनं गाळायची भट्टी, वर दोन खोल्या. विट्याची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली, त्यातले आम्ही एक. तिकडचं आवरून गावी परत आलो तेव्हा मी पिको-फॉलचं दुकान टाकलं. तू फॉल लावायला साडी घेऊन आलीस आणि कोपऱ्यातल्या जुन्या साड्यांच्या गाठोड्याकडे बघत उभी राहिलीस. केरळची सोनेरी काठाची पांढरी, कोइमतूरच्या सुती, कोणा भावकीतल्या बाईने कलकत्त्याहून आणलेली लाल काठाची. गलाईवाल्यांच्या घरात अशा साड्यांचा तोटा नाही, पोरीबाळी देशभरचं कापड नेसून जुनं करतात.

"ह्याचं काय करनार?" तू विचारलंस.

"बोहारणीला देणार. भांडी येतील."

"मला दे. वाकळ शिवून देते."

"शिवणावळ किती?"

"भांड्यापेक्षा कमीच," तू म्हणालीस. मी म्हटलं, मऊ झालेल्या साड्याच घे, पांढरी वरच्या बाजूला ठेव, काठ दिसू देत. तू म्हणालीस, "बरं." आणि पांढरी ठेवलीस आत. मी चिडले, तर म्हणालीस, "आगं, मऊ कापड अंगाला लागाय पायजे. बघनाऱ्याला काय करायचंय?" मग उलटी करून दाखवलीस. पांढरी अंगाच्या बाजूला होती, आणि त्या पांढऱ्यावर तुझे टाके कडेकडेने आत आत जात होते, जसे पाण्यात दगड टाकल्यावर फेरे उठतात, पण आतल्या बाजूला येणारे. मी तीच बाजू वर करून दुकानात टांगली. चार दिवसांत गेली.

तिथून धंदा सुरू झाला. तू शिवायचं, मी विकायचं. भांडणही तिथूनच सुरू झालं.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत आपण वाकळी घेऊन बसलो होतो, आठवतं? माहेरच्या गावात माल खपणार म्हणून तूच नेलंस. एका बाजूला घोंगडीवाले, दुसऱ्या बाजूला बत्ताशांची पालं, मध्ये आपण. सगळ्या अंगावर गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे. एक म्हातारा काठी टेकत आला. वाकळ बघितली, आपल्याकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाला, "आता वाकळ बी इकत घ्यायची व्हय रं? घरातल्या बाया मेल्या काय समद्या?"

आजूबाजूचे हसले. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "आजोबा, घोंगडी विकत घेता ते घरातल्या मेंढ्या मेल्या म्हणून का?" तर तू माझाच हात दाबलास आणि त्याला म्हणालीस, "बाबा, बसा, पानी प्या." तो पाणी प्यायला, गप्पा मारल्या, तुझ्या आईची ओळख निघाली. घेतलं काही नाही. दिवसभरात आपली एकही वाकळ गेली नाही. परतीच्या गाडीत मी तुला म्हटलं, "गावच्या माणसाला वाकळ विकायला जायचं नाही. त्याला ती फुकटात मिळते असं वाटतं. शहरात जायचं, आणि नुसता माल मांडून बसायचं नाही. बोलायचं. ही कोणी शिवली, कशी शिवली, किती दिवस लागले."

तू म्हणालीस, "माल बोलंल."

"माल बोलत नाही. बोलावं लागतं."

"चांगला असला तर बोलतो."

विट्यापर्यंत हेच चाललं. तेव्हापासून तुझ्या अंथरुणापर्यंत हेच चाललं. आणि मी अजून सांगते, शालन, तू चूक होतीस. सांगलीच्या प्रदर्शनात काय झालं? पहिल्या दिवशी तू म्हणालीस म्हणून मी गप्प बसले. एक बाई आली, गळ्यात चष्म्याची साखळी. वाकळ उलटीपालटी केली. "जुन्या साड्यांची आहे ना? मग एवढी किंमत? मशीनवर केलेली नवीन क्विल्ट याच्या निम्म्यात मिळते." तू ऐकून घेतलंस. वर तिला घडी घालून द्यायला मदत केलीस. ती न घेता गेली आणि तू म्हणालीस, "तिला नगं असंल."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. हातात वाकळ घेतली, गिऱ्हाइकाचा हात धरून टाक्यावरून फिरवला. ही केरळची साडी, ही बंगालची, ही या बाईच्या हाताची, मशीनला असा टाका येत नाही, हा घ्या, ओढून बघा. तिसऱ्या प्रहरापर्यंत निम्मा माल गेला. त्याच वेळी मी तुझा फोटो काढायला लागले. तू पदर तोंडावर ओढून घेतलास.

"फोटू कशाला? मी काय मेलीया व्हय भिंतीला लावाया?"

"वाकळीच्या चिठ्ठीवर लावते. नाव घालते. शालन, म्हसवड. लोक विचारतात कोणी केली."

"इचारलं की सांग. वाकळंवर कुनाचं नाव असतंय व्हय? ती पांगरनाऱ्याची असती."

एकच फोटो माझ्याकडे आला, त्यात तू अर्धी वळलेली आहेस, हसू दाबते आहेस, अंगावर ती हिरवी सुती साडी आहे. प्रदर्शनाला नीट काहीतरी नेस म्हणून मीच ती तुला दिली होती. पुढच्या प्रदर्शनात दिसली नाही. कुठे गेली विचारलं तर म्हणालीस, "इरली."

आता त्या पुण्याच्या मॅडमचं सांगते. तुझी बातमी मी कळवली, कारण माल पाठवायला उशीर होणार होता. आज सकाळी त्यांचा फोन आला. मी उसवायला बसतच होते.

"ताई, ऐकून इतकं वाईट वाटलं. आय मीन, खूपच सॅड. त्यांचा एखादा फोटो आहे का?"

मला वाटलं, दुकानात हार घालायचा असेल. म्हटलं, आहे एक.

"मग प्लीज पाठवा ना. आपण या लॉटच्या टॅगवर टाकू. त्यांची छोटीशी स्टोरी, आजारी असतानाही शिवत होत्या वगैरे. आणि तुम्ही म्हणालात ना, एक शेवटचा पीस राहिलाय? तो आपण वेगळा ठेवू. त्याला चांगली किंमत येईल. कस्टमर कनेक्ट होतो अशा गोष्टींना. हे झालं तर मी दर महिन्याची ऑर्डर पक्की करते, तुमच्या लेडीजनाही रेग्युलर काम. उद्या सकाळपर्यंत कळवा."

तू जिवंत होतीस तोवर या बाईने एकदाही तुझं नाव विचारलं नाही. वर्षभर मी चिठ्ठीवर नाव घाला म्हणत होते. "आमचं ब्रँडिंग वेगळं आहे ताई," म्हणायच्या. आपल्या वाकळीवर त्यांच्या दुकानाचं नाव शिवून लावायच्या. आता नाव हवं, फोटो हवा, दुखणं हवं. तुझ्या टाक्याला किंमत नव्हती, तुझ्या मरणाला आहे.

फोन ठेवल्यावर सुरेखाला सांगितलं. ती कोपऱ्यात दोरा गुंडाळत बसली होती. हातातला दोरा तिने संपवला. मग म्हणाली, "द्या की काकी. फोटूच तर हाय. त्यास्नी आता काय कळतंय? दर म्हैन्याला काम मिळंल."

मी तिच्यावर खेकसले. पण ती वेडंवाकडं काही बोलली नव्हती. तिचा नवरा ट्रॅक्टरवर रोजाने जातो, हंगाम संपला की घरी बसतो. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मीही हेच सांगितलं असतं. गोष्ट सांगून माल विकायला मी कधी लाजले नाही, आणि आता तुझ्यावरून दोन ओळी लिहायच्या तर चिठ्ठी कोरीच राहते. याचाही राग तुझ्यावरच आहे. जिवंत असताना फोटो काढू दिला असतास, नाव लावू दिलं असतंस, तर आज ते नुसतं नाव राहिलं असतं. आता जे काही लावीन ते मयताचं होईल.

त्याच रागात पहिला कोपरा उसवायला घेतला. आत भाकरी निघणार याची खात्री होती. वाळलेली, बुरशी आलेली. म्हटलं, बघा मॅडम, ही पण स्टोरी टाका टॅगवर.

ब्लेडने टाके कापले, ठिगळ उचललं. आत हिरवं कापड होतं.

मी ते बाहेर काढलं. गोल कापलेलं, मग दोनदा दुमडून चतकोर केलेलं. भाकरीचा असतो तसाच, बरोबर कोपऱ्यात बसेल असा. कडा दुमडून इतक्या बारीक टाक्यांनी पक्क्या केलेल्या की एक धागा सुटलेला नाही. हिरवी सुती साडी. इरली म्हणालीस ती.

दुसरी वाकळ उसवली. हिरवा चतकोर. तिसरी. हिरवा चतकोर. सुरेखाच्या हातच्या वाकळीतही तोच.

मी सुरेखाकडे बघितलं. तिने दोऱ्याची गुंडाळी खाली ठेवली.

"आक्कानंच कापून दिल्या व्हत्या समद्यास्नी. पिशवीभर. म्हनल्या, भाकरी नको म्हनतीया तर नको. उंदीर खाईत न्हाई, वाकळ बी उपाशी जात न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"आक्का म्हनल्या, मंगलला बोलू नका. ती लगेच गिऱ्हाइकाला सांगत बसंल."

हसावं का तुझ्या नावाने शंख करावा हे मला कळेना. तोंड होतं ना तुला, शालन? मला सांगितलं असतंस, मंगल, असं असं करते, तर मी काय नाही म्हटलं असतं? उलट... उलट मी काय केलं असतं ते तुला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी मॅडमना फोन केला असता. चिठ्ठी छापून घेतली असती. म्हणून सगळ्यांना सांगितलंस आणि मला वगळलंस. आठ बायकांना ठाऊक, आणि धंदा चालवणारी मी तेवढी अडाणी.

तुझ्या हाताचंही तसंच केलंस ना? "हात दुखतोय" म्हणालीस. वाकळ शिवणारीचा हात दुखतोच, मी मलम आणून दिलं. काखेत गाठ आहे हे सांगितलं नाहीस. मेजरला नाही, मला नाही. सूज कोपरापर्यंत आली तेव्हा मी म्हटलं, उद्याच्या उद्या मिरजेला चल, तिथे काय डॉक्टरांना तोटा आहे? तू म्हणालीस, "बरं. दिवाळीची ऑर्डर झाली की जाऊ." ऑर्डर काय पळून जात होती? गेली असती तर गेली असती. दुसरी आणली असती, तेवढ्यासाठीच तर मी आहे. तू शिवायचं आणि मी विकायचं ठरलं होतं. ऑर्डरची काळजी तू करायची असं कधी ठरलं होतं?

मिरजेला त्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि मला विचारलं, "इतक्या उशिरा का आणलंत?" तू माझ्याशेजारी बसून पदराच्या दशा वळत होतीस. तुला विचारलं नाही त्यांनी, मला विचारलं. मी काय सांगणार होते? ही बाई सगळ्याला बरं म्हणते, म्हणून? बाहेर आल्यावर मी तुला बोलले, तोंडाला येईल ते बोलले, स्टेशनच्या रस्त्यावर माणसं वळून बघत होती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "झालं? चल, च्या पिऊ."

त्या चहावर आपण काही बोललो नाही. नंतरही बोललो नाही. मी येत राहिले, तू पडल्या पडल्या शिवत राहिलीस, मी दोरा ओवून देत राहिले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तू मला एकदा तरी म्हणायला हवं होतंस की भीती वाटते. मी तुला धीर दिला असता असं नाही. पण म्हणायला हवं होतंस.

दुपारी मी आणि सुरेखाने ठरवलं. उसवलेलं सगळं परत शिवायचं. चतकोर आतच ठेवून. कापड आहे, उंदराला त्यात काही नाही, धुतलं जातं. सुरेखा म्हणाली, "पन आक्काच्या ह्या वाकळंत काय घालायचं? चतकोर संपल्यात." मेजरने दिलेली तुझी शेवटची वाकळ तिच्या मांडीवर होती. बाहेरचे फेरे तुझे नेहमीचे, एका ओळीत मुंग्या चालाव्यात तसे. मध्याकडे येता येता टाके लांब होत गेलेले, वाकडे. शेवटचा फेरा तर भलतीकडेच गेलेला.

"तो कोपरा राहू दे," मी म्हटलं. "सकाळी बघू."

वरचं काल लिहिलं. आज सकाळचं सांगते आणि थांबते.

उठल्यावर आधी मॅडमना निरोप पाठवला. फोटो देणार नाही, मरणाचं काही लिहायचं नाही. कोपरे तपासले आहेत, खाण्याचं काही नाही. माल आज निघतो आहे. प्रत्येक वाकळीला जिने शिवली तिच्या नावाची चिठ्ठी आहे, ती काढायची नाही. हे चालत नसेल तर आत्ताच कळवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं गिऱ्हाईक वगैरे काही नाही. तुला धडकी भरली असती हे वाचून. मी गठ्ठे बांधायला घेतले. मग तिकडून फक्त अंगठ्याचं चित्र आलं. दर महिन्याचं काही लिहिलं नाही. नसेल तर नसेल. मी आणीन दुसरी ऑर्डर.

मग चुलीवर जोंधळ्याची भाकरी टाकली. पापुद्रा चांगला सुटला. चतकोर मोडला, निवू दिला, तुझ्या वाकळीच्या चौथ्या कोपऱ्यात घातला आणि ठिगळ शिवून टाकलं. माझा टाका तुझ्यासारखा नाही, पण पक्का आहे. सुरेखाला पार्सलाला पाठवलं, आणि तुझी वाकळ काखेत मारून मी बाजारात गेले. आज आपल्याकडचा बाजार. गाडगी-मडकीवाल्याशेजारी पोतं अंथरलं आणि एकटी ती वाकळ मांडून बसले. गावच्या माणसाला वाकळ विकायची नाही म्हणणारी मी. तू बोलू नको म्हणायचीस ना? नाही बोलले. तोंड मिटून बसले.

पुष्कळ जण बघून गेले. मग एक बाई आली, डोक्यावर पाटी, पाटीत मेथी. पाटी उतरवली, वाकळ उचलली. भाव विचारला. मी सांगितला.

"आगं बया! जुन्या लुगड्यांचं एवढं?"

मी गप्प. तिने वाकळ उलटली, उन्हाकडे धरली, कडेचा टाका नखाने ओढून बघितला. मग बोट मध्यावर आलं.

"हितं टाकं वाकडं झाल्याती."

"झालेत."

"मंग त्याचं कमी करा."

मी कमी केले. पुण्यात याच वाकड्या टाक्यांचे जास्त मिळाले असते. पण माल तसा भाव, हे खरं. तूही कमीच केले असतेस, बहुतेक माझ्यापेक्षा जास्त.

तिने घडी घालायला घेतली आणि घालता घालता कोपरे चिमटीत धरत गेली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर थांबली. माझ्याकडे बघितलं.

"घास घातलाय न्हवं?"

"घातलाय."

"कशाचा?"

"भाकरीचा. सकाळचीच आहे."

"मंग उंदीर येनार की."

"येईल."

ती हसली. पैसे देत म्हणाली, "आमची सासू घालायची. ती गेली आन् वाकळ शिवनारं घरात कोन ऱ्हायलं न्हाई. सुना मशीनवरल्या आनत्यात, त्या निस्त्या सळसळ करत्यात." वाकळ पाटीत मेथीवर ठेवली, पाटी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि वळली.

"कुनी शिवलीया?"

"शालननं."

"कुटली?"

"म्हसवडची."

"तरीच," ती म्हणाली आणि गर्दीत गेली.

तर माल बोलला, शालन. पण नाव तिला विचारावं लागलंच. आपलं भांडण मिटलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

मी पोतं झटकलं, घडी करून काखेत घेतलं आणि बाजारातून तशीच गलाईवाल्यांच्या गल्लीकडे वळले. गावच्या यात्रेसाठी परमुलखातून आलेली गलाईवाली माणसं परत निघायच्या आत जुन्या साड्या मागून ठेवायला हव्यात.